माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे व्यवसाय-शिक्षण : निरनिराळ्या गरजांचा विचार

पेरणीपूर्वी शेतकरी जमिनीची प्रत पाहतो. भारी काळ्या जमिनीत तो कापूस किंवा ज्वारी घेतो, मुरमाड माळावर हुलगा, मटकी अगर कारळा पेरतो, कोकणातील वरकस जमिनीत नाचणी-वरी करतो आणि चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची बाग लावण्याचे धाडस सहसा करीत नाही. सर्व जमिनींत एकच पीक घ्यावे असा आग्रह कोणी धरीत नाही. जमिनीच्या बाबतीत ही जी दृष्टी प्रत्येक शेतकऱ्यास पिढीजात लाभलेली आहे, ती घरातील मुलांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा वापरली जात नाही. विशेषतः ज्या मुलास नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, अथवा ज्याला वाचन, लेखन किंवा गणित इतरांच्या गतीने जमत नाही, त्याने पुढे काय करावे ह्याचा विचार दहावीचा निकाल लागेपर्यंत होत नाही. निकालानंतर तो विचार करावयास घेतला तर हाती वेळ थोडा राहतो आणि मार्गही थोडे उरतात.

ह्या पाठात माध्यमिक शाळेतील अशा विद्यार्थ्यांच्या व्यवसाय-शिक्षणाचा विचार केला आहे. हे काम केवळ शिक्षकांचे आहे, अशी समजूत आढळते. परंतु घर, शेत आणि पंचायत ह्यांचे साह्य नसेल तर एकट्या शाळेकडून ते होण्यासारखे नाही. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी आणि शेतकरी बंधु-भगिनींनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याच्या वहितीचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ते १.३४ हेक्टरांवर आले. ज्या काळी धारण क्षेत्र मोठे होते, त्या काळी घरातील प्रत्येक माणसास शेतीत काही ना काही काम मिळून जात असे. अंध आजोबा वाती वळीत, पायाने अधू असलेला काका राखणीस बसे. आज तेवढ्या कामावर कोणाचाही निर्वाह होत नाही. शेतीत यंत्रे आली, वाटण्या झाल्या, घरातील धडधाकट मुले शहरांकडे गेली. ज्याला बाहेर पडणे अवघड, तो मागे राहिला. ‘त्याला काय करावयाचे आहे? घर राखील, गुरे पाहील,’ असे म्हणून आईबाप स्वतःचे समाधान करून घेतात. त्या बोलण्यात माया असते, पण तीत मुलाच्या पुढील चाळीस-पन्नास वर्षांची तरतूद नसते. आईबाप थकल्यावर हा मुलगा भावाच्या दारी कोणत्या नात्याने राहणार, कमावता म्हणून की आश्रित म्हणून, हा खरा प्रश्न आहे. मुलींच्या बाबतीत तो अधिकच बिकट होतो.

अपंगत्व सारे जन्मजात असते असेही नाही. पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. तथापि अपघातांनी येणारे अपंगत्व थांबलेले नाही. कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि ट्रॅक्टरचा फिरता दांडा ह्यांत हात सापडून बोटे किंवा पंजा गमावण्याचे प्रसंग सुगीच्या दिवसांत घडतात. चांगला अभ्यास करणारा नववीतला मुलगा एका क्षणात ‘आता ह्याचा काय उपयोग’ ह्या वर्गात ढकलला जातो. वस्तुतः त्याचा हात गेला असला तरी बुद्धी, दुसरा हात आणि आयुष्य शिल्लक असते.

व्यवसाय-शिक्षण म्हणजे काय

व्यवसाय-शिक्षण म्हणजे एखादी कला शिकविणे एवढेच नव्हे. त्याची तीन अंगे आहेत. विद्यार्थ्यास स्वतःची ओळख करून देणे, म्हणजे त्याचा कल, कुवत आणि अडचण कोणती हे त्याला कळणे, हे पहिले अंग होय. भोवतालच्या कामधंद्यांची ओळख करून देणे हे दुसरे. ह्या दोहोंची सांगड घालून निर्णय घेण्याची सवय लावणे हे तिसरे. ह्यांपैकी तिसऱ्या अंगाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. दिव्यांग मुलाच्या वतीने सर्व निर्णय वडीलधारी मंडळीच घेतात. त्यामुळे वयाच्या अठराव्या वर्षीही स्वतःस काय हवे हे सांगण्याची त्याला सवय झालेली नसते. पैशांचा व्यवहार करणे, बाजारात भाव विचारणे, एकट्याने एस.टी.ने तालुक्यास जाऊन येणे ह्या गोष्टी कोणत्याही धंद्याच्या आधी शिकाव्या लागतात. त्या शिकविण्यास वेगळी शाळा लागत नाही.

कोठारी आयोगाने आपल्या १९६६ च्या अहवालात कार्यानुभवास शिक्षणाचे आवश्यक अंग मानले होते, आणि अपंग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळांतच शिक्षण द्यावे ह्यावर भर दिला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच व्यवसायांचा परिचय करून द्यावा आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर काम पाहू द्यावे, असे सुचविले आहे. सुतार, लोहार, माळी, कुंभार ह्यांच्याकडे वर्ग नेला जाईल तेव्हा चाकाच्या खुर्चीतील मूल शाळेतच बसून राहिले, तर त्या दहा दिवसांचा हेतू त्याच्यापुरता वाया गेला असे समजावे.

निदानापेक्षा काम पाहावे

‘हा अंध आहे’, ‘ही कर्णबधिर आहे’ एवढ्या माहितीवरून कोणते काम जमेल हे ठरविता येत नाही. दोन अल्पदृष्टी मुलांपैकी एकास ठळक अक्षर वाचता येते, दुसऱ्यास फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणून मुलाचे निरीक्षण कामातच केले पाहिजे. शिक्षकाने आणि पालकाने पुढील गोष्टी दोन-तीन महिने वहीत टिपून ठेवाव्यात.

(१) कोणते काम मूल कोणी न सांगता करते?
(२) एका जागी किती वेळ लक्ष टिकते?
(३) सूचना सांगून समजते, करून दाखविल्यावर समजते, की हात धरून करवून घ्यावी लागते?
(४) हातांची पकड, वजन उचलण्याची शक्ती आणि उभे राहण्याची क्षमता किती?
(५) ऊन, धूळ, आवाज आणि गर्दी ह्यांचा त्रास होतो काय?
(६) चूक झाली तर ती त्याच्या ध्यानात येते काय?

ही वही म्हणजे मुलाच्या गुणदोषांची यादी नव्हे. जमिनीच्या तपासणीचा अहवाल जसा खताची मात्रा ठरविण्यास उपयोगी पडतो, तसाच तिचा उपयोग व्हावा.

कामाची फोड

यापुढील पायरी म्हणजे कामाची फोड करणे. कोणतेही काम सलग पाहिले तर ते अवघड वाटते. त्याचे टप्पे पाडले म्हणजे कोणता टप्पा कोणास जमेल आणि कोठे साह्य लागेल हे स्पष्ट होते. धिंगरी आळिंबीचे उदाहरण घेऊ. तिचे टप्पे असे :

(१) भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापणे.
(२) ते पोत्यात भरून थंड पाण्यात रात्रभर भिजविणे.
(३) सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करणे.
(४) निथळून, निववून प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर भरणे आणि प्रत्येक थरावर आळिंबीचे बियाणे पसरणे. ओल्या काडाच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के बियाणे लागते.
(५) पिशवीस भोके पाडून ती अंधाऱ्या खोलीत सुमारे पंधरा ते वीस दिवस ठेवणे.
(६) पांढरी बुरशी सर्वत्र पसरल्यावर पिशवी काढून दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारणे.
(७) आळिंबी काढणे, वजन करणे आणि विकणे.

ज्या मुलास दिसत नाही त्याला चौथा टप्पा स्पर्शाने उत्तम रीतीने करता येतो, कारण पेंढ्यात ओलावा किती आहे हे मुठीत दाबूनच पाहावयाचे असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास ठराविक वेळी पाणी फवारण्याचे काम भिंतीवर घड्याळाची चित्रे लावून देऊन बिनचूक करता येते. एका हाताच्या मुलास भरणीच्या वेळी पिशवी उभी ठेवण्यासाठी लाकडी चौकट करून दिली की त्याची अडचण दूर होते. कढत पाण्याचा तिसरा टप्पा आणि धारेच्या अवजाराचा पहिला टप्पा मात्र जाणत्या माणसाने स्वतःकडे ठेवावा. विक्रीचे काम चालताना कष्ट होणाऱ्या पण हिशेबात हुशार असलेल्या मुलीकडे द्यावे.

रोपवाटिका, गांडूळखत, परसातील कुक्कुटपालन, शेळीपालन, दुधाचे संकलन व स्निग्धांश तपासणी, ठिबक संचाची देखभाल, अवजारदुरुस्ती ह्या सर्व कामांची अशीच फोड करता येते. रोपवाटिकेत ठराविक अंतरावर बी टोकण्यासाठी दोरीस गाठी मारून ठेवल्या तर अंध मुलगा बोटांनी गाठ चाचपून अंतर बरोबर राखतो. गोठ्यापासून विहिरीपर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोर ताणून ठेवला तर त्याला कोणाचा हात धरावा लागत नाही. ह्या सोयींना खर्च जवळजवळ नाही.

गरजेनुसार सोय आणि सावधगिरी

कर्णबधिर विद्यार्थी : यंत्रकाम, शिवणकाम, संगणकावरील काम, मधमाशीपालन, सुतारकाम ह्यांत ऐकू न येण्याची अडचण थोडी. सूचना समोर उभे राहून, खुणेने व लिहून द्याव्यात. मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा त्यास ऐकू येत नाही, म्हणून ट्रॅक्टर चालणाऱ्या जागी आरसा अगर निशाण ह्यांची योजना करावी. ह्या क्षेत्रात मार्गदर्शन करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत १९८३ पासून कार्य करीत आहे.

अंध व अल्पदृष्टी विद्यार्थी : आजच्या भ्रमणध्वनीत पडद्यावरील मजकूर मराठीतून वाचून दाखविण्याची सोय असते. तिच्या आधारे बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि बँकेचे संदेश त्यास स्वतः ऐकता येतात. कीटकनाशकांच्या बाटल्या मात्र त्याच्या हाताशी ठेवू नयेत. सर्व बाटल्या हातास सारख्याच लागतात.

हातापायाने अधू विद्यार्थी : जयपूर येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला कृत्रिम पाय मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि चिखलातून अनवाणी चालणे ह्या आपल्याकडील सवयी ध्यानात घेऊन बनविलेला आहे. त्यामुळे भातखाचरातही काम करता येते. ज्यास जमिनीवर वाकता येत नाही त्याच्यासाठी रोपांचे वाफे कमरेइतक्या ओट्यावर करावेत.

अपस्माराचा विकार असलेला विद्यार्थी : औषध नियमित चालू असेल तर बहुतेक कामे करता येतात. परंतु विहिरीच्या काठी, झाडावर, आगीजवळ आणि फिरत्या यंत्राजवळ त्याला एकटे ठेवू नये.

सिकलसेलचा आजार असलेला विद्यार्थी : विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार विशेष आढळतो. भर उन्हातील अंगमेहनत व शरीरातील पाणी कमी होणे ह्यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. मूल वरून धडधाकट दिसत असल्याने त्याला आळशी समजण्याची चूक घडते. अशा मुलास सावलीतील, बैठे आणि बुद्धीचे काम निवडून द्यावे.

अध्ययन-अक्षमता असलेला विद्यार्थी : हा मुलगा इंजिन खोलून पुन्हा जोडतो, पण दोन ओळी वाचताना अडखळतो. त्याला ‘ढ’ म्हणून बाजूस सारणे हा अन्याय आहे. पुस्तकातील धडा त्याला ऐकवावा, चित्राने समजवावा आणि परीक्षेतील नियमानुसार मिळणारी सवलत वेळीच मागून घ्यावी.

ह्याशिवाय रंगांधता हा दोष कायद्याने अपंगत्वात मोडत नसला तरी तो पुरुषांत अधिक आढळतो आणि बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या मुलास पिकलेली मिरची निवडणे किंवा पानावरील तांबेऱ्याचे ठिपके ओळखणे जड जाते. रेल्वेचालकासारख्या कामांस तो अपात्र ठरतो. हे आठवीतच तपासून घेतले तर नंतरची निराशा टळते.

सर्वांस लागू असलेला नियम असा की, चौदा ते अठरा वर्षांच्या कोणत्याही मुलास धोक्याच्या कामावर लावण्यास कायद्याने बंदी आहे. शिक्षणाच्या नावाखाली हा नियम मोडू नये.

शाळा आणि शेत ह्यांची सांगड : काही अनुभव

असे शिक्षण प्रत्यक्षात येऊ शकते काय, अशी शंका घेणाऱ्यांनी पुढील उदाहरणे पाहावीत.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हातांनी काम करता करता शिकणे हे तेथील सूत्र होय. त्यांतून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. विद्यार्थी गावासाठी उपयोगी वस्तू आणि सेवा प्रत्यक्ष तयार करतात. एकाच वर्गातील निरनिराळ्या कुवतीच्या मुलांना ह्या पद्धतीत आपापली जागा सापडते, कारण काम चार प्रकारचे आहे आणि प्रत्येक प्रकारात लहानमोठे टप्पे आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ बाबा आमटे ह्यांनी उभारलेले आनंदवन सर्वांस परिचित आहे. समाजाने बाहेर टाकलेल्या कुष्ठमुक्त लोकांनी तेथील खडकाळ माळावर विहिरी खोदल्या आणि शेती पिकविली. पुढे अंध व कर्णबधिर मुलांच्या शाळा तेथे निघाल्या, आणि दिव्यांगांस हस्तव्यवसाय शिकविणारे संधिनिकेतन सुरू झाले. बोटे झडलेल्या हातांनी जेथे जमीन लागवडीस आली, तेथे ‘ह्याच्याने काय होणार’ ह्या प्रश्नाचे उत्तर मिळून गेले आहे.

राष्ट्रीय अंधजन मंडळाची स्थापना मुंबईत १९५२ साली झाली. खेड्यातून आलेल्या अंध तरुणास शहरात खुर्च्या विणावयास बसविण्यापेक्षा त्याच्या गावीच उपयोगी पडेल असे शिक्षण द्यावे, हा विचार ह्या मंडळाच्या कार्यात पुढे आला. त्यातूनच आज गुजरातमध्ये असलेल्या वलसाड जिल्ह्यातील फणसा येथे १९६० साली अंधांसाठी कृषी व ग्रामीण प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अंध मनुष्य शेती, गोपालन आणि कुक्कुटपालन शिकू शकतो, ह्याचा तो दाखला आहे.

इयत्तावार आराखडा

आठवी : डोळे, कान आणि रंगदृष्टी ह्यांची तपासणी. निरीक्षणवही सुरू करणे. गावातील दहा निरनिराळ्या कामांची प्रत्यक्ष पाहणी. अपंगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र ह्यांसाठी अर्ज.

नववी : दोन कामांची निवड करून प्रत्येक काम किमान एक हंगाम करून पाहणे. स्वतःच्या नावे बँकेत खाते. एकट्याने तालुक्याच्या गावी जाऊन येण्याचा सराव.

दहावी : शालान्त परीक्षेसाठी लेखनिक व वाढीव वेळ ह्यांची मागणी शाळेमार्फत मुदतीत करणे. पुढील शिक्षणाच्या तीन पर्यायांची माहिती घेणे आणि निवडलेल्या संस्थेस प्रत्यक्ष भेट देणे. उतरंडी, पायऱ्या, स्वच्छतागृह आणि वसतिगृह ह्यांची सोय स्वतः पाहावी. प्रवेश मिळूनही पायऱ्यांमुळे शिक्षण सोडावे लागले तर तो प्रवेश कागदोपत्रीच राहतो.

दहावीनंतर : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्री, जोडारी, कातारी, संधाता इत्यादी व्यवसाय, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या कक्षेतील पदविका, अकरावी-बारावी व पुढील पदवी असे मार्ग आहेत. जो विद्यार्थी दहावी होऊ शकला नाही त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आपल्या गतीने परीक्षा देता येते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातही कृषिविषयक शिक्षणक्रम आहेत. अल्प मुदतीच्या प्रशिक्षणासाठी जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.

हक्क आणि सवलती

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात २१ आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणित झाल्यास पुढील तरतुदींचा लाभ मिळतो.

(१) ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत अगर पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण.
(२) शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट.
(३) शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव.
(४) शेतजमीन व घरे ह्यांच्या वाटपात आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग स्त्रियांस अग्रक्रम.

केंद्र शासनाची नववी-दहावीसाठी शालान्तपूर्व आणि अकरावीपासून पुढे शालान्तोत्तर अशी शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. हा पैसा वर्षाअखेर किरकोळ वस्तू वाटून संपविण्याऐवजी त्यातून एखाद्या विद्यार्थ्याचे शिवणयंत्र, अवजारपेटी किंवा प्रशिक्षणाचा प्रवासखर्च भागविला तर तो सत्कारणी लागेल. ग्रामसभेत हा विषय मांडण्यास कोणाचीही आडकाठी नाही. राज्यात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन झाला आहे.

जमिनीचा हिस्सा

ह्या विषयात एक गोष्ट नाजूक असली तरी स्पष्ट बोलणे भाग आहे. वाटणीच्या वेळी ‘आम्ही त्याला सांभाळू’ असे सांगून दिव्यांग भावाचे अगर बहिणीचे हक्कसोडपत्र करून घेतले जाते आणि सातबाऱ्यावरून तिचे किंवा त्याचे नाव निघते. सांभाळण्याचे वचन पुढील पिढी पाळीलच असे नाही. दिव्यांग व्यक्तीस इतरांप्रमाणेच मालमत्ता धारण करण्याचा व वारसाहक्काने मिळविण्याचा अधिकार असल्याचे २०१६ च्या अधिनियमात नमूद आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये अठरा वर्षांनंतर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. ज्याच्या नावे वीस गुंठे जमीन आहे आणि ज्याला रोपवाटिका करता येते, तो मुलगा कोणाच्या दारी आश्रित नसतो. शिक्षण आणि जमीन ह्यांपैकी एक काढून घेतले तर दुसऱ्याचे बळ निम्मे होते.

ग्रामकार्यकर्त्याचे काम

(१) गावातील १२ ते १८ वर्षांच्या दिव्यांग मुलामुलींची यादी मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती ह्यांच्या साह्याने करावी. शाळा सोडलेली मुले प्रथम नोंदवावीत. ती पटावर नसल्याने सर्वांच्या नजरेतून सुटतात.
(२) प्रत्येक घरी जाऊन बोलणे आईबापांशी सुरू करावे, पण प्रश्न मुलास विचारावा. तो काय म्हणतो हे ऐकून घ्यावे.
(३) ज्या शेतकऱ्याकडे रोपवाटिका, गोठा अथवा दुरुस्तीचे दुकान आहे त्यास आठवड्यातून एक दिवस एका विद्यार्थ्यास काम दाखविण्याची विनंती करावी.
(४) प्रमाणपत्राच्या शिबिराची तारीख आगाऊ कळवावी. वाहनाअभावी कोणी मागे राहू नये.
(५) वर्षाअखेर यादी पुन्हा पाहावी. किती जणांना मदत वाटली हे न मोजता किती जण शिकत आहेत किंवा कमावीत आहेत हे मोजावे.

समारोप

सर्वच दिव्यांग विद्यार्थी शेतीत राहावेत असे येथे सुचवावयाचे नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी वकील, कोणी बँकेत जाईल. खेड्यातील मुलास त्याच्या अपंगत्वामुळे शेतीतच डांबून ठेवणे हे जितके चूक, तितकेच शेती त्याला जमणारच नाही असे ठरवून टाकणेही चूक. त्याला दोन्ही दरवाजे दाखवावेत आणि निवड त्याने करावी. ती करण्याची तयारी आठवीपासून सुरू झाली पाहिजे. मृगाच्या पेरणीची तयारी चैत्रातच करावी लागते, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या गावात दहावीनंतर घरी बसलेली दिव्यांग मुले-मुली किती आहेत? त्यांची नावे कोणत्या यादीत आहेत?
२. आपल्या शेतावरील कोणत्याही एका कामाचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्पा कोणत्या विद्यार्थ्यास जमेल ते लिहा.
३. अपस्मार आणि सिकलसेल ह्या आजारांच्या विद्यार्थ्यांसाठी कोणती कामे टाळावीत व का?
४. आपल्या ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी गेल्या वर्षी कोणत्या कामी खर्च केला?
५. शाळेच्या इमारतीत चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलास कोठवर जाता येते? प्रत्यक्ष जाऊन पाहा.